निशाणी

माझं रजिस्टर दिल्लीला गेलंय.
मी नाही गेलो. मी सुरतेपलीकडे कधी गेलो नाही,
तेही मेहुण्याच्या लग्नात, एका रात्रीपुरता.

दोनशे पानी, लाल कापडी पाठीचं,
निजामपूरच्या बाजारातून पदरच्या पैशानं आणलेलं,
कारण ऑफिसची रजिस्टरं मार्चपासून येतच आहेत.
त्यातलं पान एकशे चौदा.
अठरा जुलै, रात्रपाळी, दोन वाजून दहा मिनिटं:
"फोन आला. पवनचक्क्या कमी करा. चाळीसवरून बारा.
कारण विचारले. सांगितले नाही.
वारा भरपूर."

एवढंच. खाली सही, हि. झि. माळीच,
शेजारी चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ.
दिल्लीत त्याला परिशिष्ट म्हणतात.
धुळ्याच्या कोर्टात निशाणी म्हणाले असते,
आणि मला वाटलं असतं, त्या वर्तुळाबद्दल बोलताहेत.

भामरे मॅडमनी दोनदा समजावून सांगितलं:
चक्कीवाल्या कंपनीचं म्हणणं, वीज गुजरातेत विकलेली,
म्हणजे सौदा राज्याबाहेरचा,
म्हणजे थांबा म्हणायचा हक्क केंद्राच्या आयोगाकडे.
बोर्डाचं म्हणणं, बटण साक्री तालुक्यात दाबलं,
दाबणारा आमचा, त्याचा पगार आमचा,
तेव्हा आयोगही इथलाच.
मी बोटाकडे पाहिलं.
नखाखाली ग्रीस होतं, कोणत्याही आयोगाचं नसलेलं.

नवापूरचं स्टेशन आठवलं.
तिथं एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.
मी त्यावर ऐन मधोमध बसून भजी खाल्लीत.
कागद मात्र एकाच राज्यात टाकला, बहुतेक.

"भरपूर"वर म्हणे सव्वा तास गेला.
भरपूर हे एकक नव्हे, बोर्डाचे वकील म्हणाले.
सेकंदाला मीटर किती? यंत्राचा आकडा कुठाय?
समोरचे म्हणाले, चोवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचं
भरपूर, हाही पुरावाच.
शब्दाचं भाषांतर दाखल झालं, शपथपत्रासकट.
ते मला कुणी वाचून दाखवलं नाही.

यंत्राचा काटा मे महिन्यापासून साडेतीनवर अडकलेला.
हेही कुणी विचारलं नाही.
मी दार उघडलं तर दार हातातून गेलं.
कुंपणापाशी बापू ठेलारी
बॅटरीच्या उजेडात काट्यांमध्ये पागोटं शोधत होता.
म्हणून भरपूर.

तीन फीडर उघडले. टेकडीवरची पाती
एकेक करून वाऱ्याला कड देत वळली,
झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारखी.
बापू म्हणाला, "का रे, वारा बंद व्हयना का?"
"वारा शे. लेतस नई."
तो हसला नाही.
"मंग हाऊ वारा कोना शे?"

त्याच वेळी खाली छडवेलच्या वाटेवरची वस्ती
भारनियमनात काळी होती.
तेही मी लिहिलंय, पान एकशे पंधरावर:
"गावाचा फीडर बंद. दोन फोन आले. बाळंतीण आहे म्हणाले."
मूळ रजिस्टर आख्खं मागवून घेतलं,
पण वाचतात ते चौदाच.
पंधरा वादात नाही, मॅडम म्हणाल्या,
आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढली तारीख दिवाळीनंतरची.

काल रात्री परत फोन. पंचवीसवरून आठ.
नव्या रजिस्टरात मी वाऱ्यासाठी रकाना आखलाय.
पेन उघडून बसलो. भरपूर लिहायची हिंमत होईना.
काटा अजून साडेतीनवर.
जाळीपाशी जाऊन बापूला विचारलं, काय लिहू?
तो म्हणाला, "लिख, मेंढरं उभी ऱ्हातस नई."

तेच लिहिलं. वेळ टाकली, सही केली.
कप लांब ठेवला.